आधी चोपडी, मग पाना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुनी मोटार पुन्हा चालती करण्याची हौस असणाऱ्यांचे मला अधूनमधून फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘सर, सुरुवात कुठून करू? इंजिनापासून की बॉडीपासून?’ मी सांगतो, ‘घरातल्या कपाटापासून करा.’ पलीकडे क्षणभर शांतता. म्हातारा थट्टा करतोय की काय, असं वाटत असावं. पण मंडळी, मी थट्टा करत नसतो. ज्या दोन चुका करून मी हे शिकलो, त्या आज तुम्हाला सांगणार आहे. त्यातली एक तर अशी आहे, की इतिहासाच्या माणसाने ती करावी याची मला आजही लाज वाटते.

मी पुण्याच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. पुरावा जागचा हलवण्याआधी त्याची नोंद करा, हे दरवर्षी नव्या पोरांना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. आणि २००८ साली निवृत्त झाल्यावर तासगावच्या घरी जाऊन वडिलांची गाडी आठ दिवसांत खोलून मोकळा झालो.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते डॉक्टर. गाडी १९५६ सालची, फियाट अकराशे. मुंबईत या गाडीला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. पाठ गोल, नाक पुढे आलेलं, त्यामुळे नाव चिकटलं ते कायमचं. आमच्या गावात मात्र कुणी तसं म्हणत नसे. ती ‘डाक्टरांची गाडी’. आप्पांनी ती १९५७ च्या जानेवारीत मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली, वर्षभर वापरलेली. मणेराजुरी, सावळज, कवठे एकंद, विसापूर असा त्यांचा फेरा असायचा. रात्री-अपरात्री बोलावणं आलं की, कंपाउंडर कंदील आणि बॅग घेऊन मागे बसायचे. १९७९ मध्ये आप्पांनी गाडी चालवणं सोडलं, १९८१ मध्ये ते गेले. त्यानंतर गाडी गोठ्याशेजारच्या छपरात उभी होती. कोंबड्यांनी मागच्या सीटवर बिऱ्हाड केलं होतं. माझे धाकटे बंधू व्यवहारी. त्यांनी भंगारवाल्याशी भावही ठरवला होता. मी म्हटलं, थांब, मी करतो.

आणि केलं काय? दिवाळीच्या दिवसांत एका पोराला हाताशी घेऊन दिसेल तो नट सोडला. केवढा आनंद होता तो! जुन्या गाडीचे भाग सुटे करताना माणसाला वाटतं, आपलं काम झपाट्यानं पुढे चाललंय. प्रत्यक्षात ते मागे चाललेलं असतं. सुटे भाग दोन पोत्यांत भरले. चिठ्ठी नाही, फोटो नाही, कुठला बोल्ट कुठे होता याची ओळ नाही. सगळं लक्षात राहील असा विश्वास! पुढच्या वैशाखात घरात लग्न निघालं, अंगण झाडून घेतलं आणि त्यातलं एक पोतं भंगारात गेलं. झाडणाऱ्या बाईंना मी कसा दोष देणार? पोत्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. त्या पोत्यातल्या वस्तू गोळा करण्यात माझी पुढची दोन वर्षं गेली. पुण्याच्या जुन्या बाजारात दर रविवारी आणि बुधवारी माझी फेरी असे. दाराची एक कडी मिळवायला मला सात महिने लागले.

दुसरी चूक यापेक्षा मोठी. गाडीचा सांगाडा मी पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये दिला. मालक म्हणाले, गंज पूर्ण काढायचा तर वाळूचा मारा करावा लागेल. मी हो म्हटलं. जाड लोखंडाला वाळूचा मारा चालतो. गाडीचं छप्पर म्हणजे पातळ पत्रा. तो तापला आणि फुगला. आजही ऊन तिरपं पडलं की, छपरावरचे उंचसखल भाग दिसतात. पण पत्र्याचं मी फारसं मनावर घेत नाही. वाळूने रंगाचे सगळे थर नेले, हे खरं दुःख. गाडीवर किमान तीन थर होते. वरचा क्रीम रंग आमच्या सगळ्यांच्या आठवणीतला. त्याच्या खाली काय होतं, आप्पांनी गाडी घेतली तेव्हा तिचा रंग कुठला होता, हे बघायला मी पाच मिनिटंही घालवली नाहीत. ताई म्हणे, राखाडी होता. कंपाउंडर तेव्हा हयात होते, ते म्हणाले, ‘छे हो, हिरवी गाडी.’ आई म्हणाली, ‘मला गाडीच्या रंगाकडे बघायला वेळ होता का?’ साक्षीदार तीन, साक्षी तीन, आणि खरा पुरावा मी पैसे देऊन घासून काढलेला.

यानंतर काम बंद पडलं. चार-सहा महिने मी गाडीकडे फिरकलो नाही. मग एकदा तासगावला गेलो असताना आईनं आप्पांचं लोखंडी कपाट उघडलं आणि म्हणाली, ‘गाडीचं काहीबाही यात असेल बघ.’ होतंच. गाडीचं नोंदणीपुस्तक होतं, ‘बीएम’ने सुरू होणारा जुन्या मुंबई राज्यातला नंबर असलेलं. त्यात इंजिनाचा आणि चॅसीचा नंबर. विम्याच्या पावत्या. आणि लाल कापडी पुठ्ठ्याची एक चोपडी. आप्पा दर फेरीला त्यात एक ओळ लिहीत: तारीख, गाव, मैल, पेट्रोल, आणि काही घडलं असेल तर दोन शब्द.

मंडळी, त्या चोपडीनं मला जागं केलं. पहिल्या पानांवर पेट्रोल गॅलनमध्ये आणि पैसे रुपये-आण्यांत. १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी आली, आणि आप्पांच्या पानावर काही दिवसांतच ‘न. पै.’ उमटलं, म्हणजे नवे पैसे. काही ओळींत तर आधी आणे लिहून ते खोडलेले. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं यायची होती, ती टप्प्याटप्प्यानं आली. १९६१ च्या पानांवर लिटर दिसू लागतात आणि समासात आप्पांचा गुणाकार: गॅलन गुणिले साडेचार. गाडीचा काटा मैलाचा, नवे दगड किलोमीटरचे, म्हणून तिथेही हिशेब. वर्गात ‘दशमान पद्धतीचा स्वीकार’ हे मी दोन वाक्यांत उरकायचो. इथे तासगावच्या एका डॉक्टरला त्यासाठी समास अपुरा पडला होता. मधेच एक ओळ: ‘येरळा. वाळूत रुतली. बैल लावले. उशीर.’ त्यापुढे रुग्णाचं काय झालं, ते लिहिलेलं नाही. आणि १९६३ च्या एका पानावर: ‘गाडीस रंग दिला.’ कुठला, ते नाही!

पण चोपडीचा मोठा उपयोग वेगळाच झाला. कुठला भाग केव्हा बदलला, ते तिच्यात होतं. मग मी उरलेल्या पोत्यातला एकेक भाग धुऊन, पुसून भिंगाखाली धरला आणि चोपडीतल्या नोंदींशी ताडून पाहू लागलो. प्रत्येक भागावर काहीतरी कोरलेलं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. डायनॅमोवर मान्येती मारेल्ली, हे इटालियन नाव. स्पार्क प्लगवर मायको. ही कंपनी बंगळूरला १९५१ मध्ये निघालेली. टायर डनलॉपचे. एका दिव्यावर लुकास-टीव्हीएस, म्हणजे तो साठच्या दशकात बसवलेला, कारण ती कंपनीच तेव्हाची. एकाच गाडीत इटली, बंगळूर आणि मद्रास. हे असं का, याचं उत्तर शोधताना मी कुर्ल्याला पोचलो.

ती हकीकत थोडक्यात सांगतो. मुंबईत मोटारी जोडण्याचं काम स्वातंत्र्याच्या वीस वर्षं आधीपासून चालू होतं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला शेवरोलेची जोडणी सुरू केली; फोर्डही मुंबईत होती. पण ती जोडणीच. पेट्या बोटीतून उतरायच्या, इथे नटबोल्ट आवळले जायचे. गाडी इथे घडली पाहिजे, हा हट्ट विश्वेश्वरय्यांचा आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा. तिसाच्या दशकात त्यांनी योजना केली; मुंबईतलं काँग्रेसचं मंत्रिमंडळ अनुकूल होतं, पण परक्या सरकारनं साथ दिली नाही आणि महायुद्ध आलं. वालचंदांनी हट्ट सोडला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून पहिल्या गाड्या निघाल्या, त्या अमेरिकेच्या क्रायस्लरच्या. मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्या. गरीब देशाला छोटी गाडी हवी होती, म्हणून इटलीच्या फियाटशी करार झाला. १९४९ मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सांगितलं, की जे कारखाने हळूहळू सर्व भाग इथे बनवतील त्यांनीच राहावं. नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळला; शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी कुर्ल्यातून अकराशे निघू लागली. इटलीत ती आदल्याच वर्षी आली होती, म्हणजे तेव्हा ती अगदी ताजी गाडी! वालचंद मात्र १९५३ मध्येच गेले होते.

‘हळूहळू सर्व भाग इथे’ हे कागदावरचं धोरण. माझ्या टेबलावर ते लोखंडात पडलेलं होतं. १९५६ च्या गाडीचा इटालियन भाग निकामी झाला, की आप्पा त्या जागी देशी बसवत गेले, आणि चोपडीत तारीख टाकत गेले. सगळे ‘मूळ’ इटालियन भाग परदेशातून मागवून गाडी कारखान्यातून निघाली तशी करणं शक्य होतं. पैसेवाले हौशी तसं करतात. त्यांच्या गाड्या प्रदर्शनात आरशासारख्या चमकतात. मी ठरवलं, की आप्पांनी बसवलेला देशी दिवा तसाच राहील. बरोबर केलं की चूक, यावर आमच्या मंडळींत अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर गाडीचं आयुष्य कारखान्याच्या दारात संपत नाही, तिथे सुरू होतं.

यानंतर मिस्त्री भेटले. मिरजेचे, वयानं माझ्याहून मोठे, अकराशेवर हात बसलेला. त्यांनी सांगाडा पाहिला आणि छपराबद्दल एक अक्षर न बोलता थेट खाली झोपले. दारांच्या खालच्या पट्ट्यांना हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेले. एके ठिकाणी आवाज बद्द आला. ‘सर, इथं गाडी मेलीय,’ म्हणाले. झालंय असं, की अकराशेला वेगळी चॅसी नाही. जुन्या फोर्डसारख्या गाडीत खाली लोखंडी चौकट असते आणि वर बॉडी ठेवलेली असते. बॉडी सडली तरी चौकट शाबूत राहते. अकराशेत बॉडी हीच चौकट. त्या पट्ट्या सडल्या तर गाडी मधोमध वाकते. पहिली गाडी निवडणाऱ्याने बाहेरचा रंग नि क्रोम नंतर पाहावा, आधी आडवं होऊन पोटाकडे बघावं. इंजिनाला भाग मिळतात. सडलेल्या पट्टीला नवा पत्रा जोडणं हे जोखमीचं काम, आणि दारं जागेवर बसवून, बरोबर लागतात ना हे बघत बघत करावं लागतं, नाहीतर पुढे दारच लागत नाही. आमच्या गाडीची पुढची दारं तर उलटी, बिजागरी मागे, त्यामुळे चूक लगेच दिसते.

इंजिनाच्या बाबतीत मिस्त्रींनी मला एक मोह घातला आणि त्यांनीच त्यातून सोडवलंही. हे इंजिन १०८९ सीसीचं. १९६४ ची डिलाइट, सत्तरच्या दशकातली प्रीमियर पद्मिनी, साऱ्यांत तेच घराणं. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, तरी मुंबईच्या रस्त्यांवर हजारो काळ्यापिवळ्या टॅक्स्या होत्या, त्यामुळे भागांना तोटा नव्हता. नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला, सगळं मिळे. मिस्त्री म्हणाले, ‘पद्मिनीचं चालू इंजिन टाकू, पंधरा दिवसांत गाडी रस्त्यावर.’ मी तयार झालो. मग त्यांनीच नोंदणीपुस्तक मागितलं, इंजिनाच्या कुशीवरची घाण पुसली आणि नंबर वाचून दाखवला. जुळत होता. ‘मग राहू द्या, सर. हा नंबर पुन्हा मिळायचा नाही.’

त्यांचं बोलणं पुढे किती उपयोगी पडलं बघा. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत भर घातली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. (इंग्लंडात व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी, अमेरिकेतल्या जुन्या मोटारींच्या मोठ्या क्लबात पंचवीस वर्षांची गाडीही अँटिक. ज्याची त्याची व्याख्या!) नवीन नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला मूळ नंबर ठेवता येतो. आप्पांचा ‘बीएम’ त्यामुळे राहिला. कागद आप्पांच्या नावावरून माझ्यावर यायला मात्र बंधूंच्या सह्या लागल्या, आणि भंगारवाल्याशी भाव ठरवणाऱ्या बंधूंनी सही करताना पहिली फेरी आपलीच, अशी अट घातली. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल, एवढंच. मला तेवढं पुरे.

तीस वर्षं झोपलेलं इंजिन उठवायचं कसं, हेही सांगतो, कारण इथे उतावळा माणूस हमखास फसतो. बॅटरी लावून चावी फिरवू नका. आत दट्ट्या सिलिंडरला गंजानं चिकटलेला असतो. जोर केला की ओरखडे पडतात किंवा काही मोडतं. मिस्त्रींनी चारही प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं आणि म्हणाले, ‘आता आठवडाभर चहा प्या.’ आठवड्यानं पुन्हा ओतलं. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून आम्ही ती चार बोटं पुढे, चार बोटं मागे ढकलत राहिलो. तिसऱ्या दिवशी आतून एक हलकासा सुस्कारा आला. मिस्त्रींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! तरीही त्यांनी इंजिन सुरू करू दिलं नाही. आधी ब्रेक. मास्टर सिलिंडर, चाकांतले सिलिंडर, रबरी नळ्या सगळं नवं. ‘पळणारी गाडी कुणीही करेल. थांबणारी करायला मी आलोय.’ मग पेट्रोलची टाकी, तिच्यात राळेसारखा थर साठलेला. मग वायरिंग, कारण कापडाचं आवरण उंदरांनी खाल्लं होतं आणि उघड्या तारेनं उभी गाडी पेटते. इंजिन सुरू झालं ते २०१३ च्या दसऱ्याच्या सुमारास. म्हणजे खोलल्यापासून पाच वर्षं. खर्च मी सांगत नाही. आई ऐकते आहे.

मिस्त्री आता नाहीत. त्यांच्या हाताची माणसं कमी होत चाललीत, आणि भागांचा झराही आटतोय. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. टॅक्स्या गेल्या तशी त्यांना भाग पुरवणारी दुकानंही दुसऱ्या गाड्यांकडे वळू लागली. आणखी एक नवी डोकेदुखी म्हणजे पेट्रोल. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि पाणी ओढून घेतं. जुनी गाडी असणाऱ्यांनी पेट्रोलच्या नळ्या, वॉशर बदलून घ्यावेत आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवू नये.

रंग आम्ही क्रीम दिला. आठवणीत सगळ्यांच्या तोच होता, म्हणून. मागच्या वर्षी स्पीडोमीटर अडकला, तेव्हा मिरजेचा एक तरुण पोरगा, मिस्त्रींचाच शिष्य, डॅशबोर्ड सोडून आत डोकावला आणि मला हाक मारली. काट्याच्या मागे, जिथे वाळू पोचली नाही आणि १९६३ चा रंगारीही पोचला नव्हता, तिथे तळहाताएवढा तुकडा होता. फिकट, राखाडीकडे झुकणारा हिरवा. ताईही बरोबर, कंपाउंडरही बरोबर. पोरगा फडका घेऊन पुसायला लागला. मी त्याचा हात धरला. आधी फोटो काढला, तारीख टाकली, चोपडीत ओळ लिहिली, आणि मग त्याला म्हटलं, ‘आता काटा लाव.’